बारामती, २८ जानेवारी: सकाळी ८.१० ते ८.४४

मुंबईहून बारामती सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर. मोटारीने घाट, पुणे आणि पुढचा रस्ता धरला तर पाच तास सहज जातात; छोट्या जेट विमानाला अर्धा तास पुरतो. बुधवार, २८ जानेवारी २०२६ रोजी सकाळी या प्रवासाच्या शेवटी, बारामतीच्या धावपट्टीच्या अगदी तोंडाशी, लिअरजेट ४५ जातीचं विमान कोसळलं. उपमुख्यमंत्री अजित पवार, त्यांचे अंगरक्षक, दोन वैमानिक आणि एक हवाईसेविका, असे विमानातले पाचही जण गेले.

पुढे दिलेल्या वेळा आणि रेडिओवरचं बोलणं मुख्यतः केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने त्याच दिवशी काढलेल्या निवेदनातलं आहे. अपघात का झाला हे ठरवणं एएआयबीचं, म्हणजे विमान अपघात तपास विभागाचं काम आहे. त्याआधीच कुणावर बोट ठेवणं मला मान्य नाही. वैमानिक आपली बाजू सांगायला उरलेले नाहीत. पण त्या ३४ मिनिटांत हवामान, नियम आणि माणूस जिथे जिथे समोरासमोर आले, त्या जागा नीट पाहून घेणं हे आपलं सगळ्यांचं काम आहे. कारण अशी विमानं रोज उडतात आणि आपल्यापैकीच कुणीतरी त्यांची वाट पाहत खाली उभं असतं.

सकाळी ७ नंतर

जानेवारीच्या अखेरीस बारामतीला सूर्य सातच्या पुढे पाच-सात मिनिटांनी उगवतो. सगळा मुलूख बागायती. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, ऊस, रात्रभर भिजवलेली रानं. आकाश निरभ्र असलं की रात्रीत जमीन झपाट्याने निवते, तिला चिकटलेली हवाही निवते आणि त्या हवेतली वाफ धुक्याच्या रूपाने रानावर पसरते. त्याच्या वर किंचित उबदार हवेचा थर बसतो. चुलींचा, गुऱ्हाळांचा, साखर कारखान्यांच्या धुराड्यांचा धूर त्या थराखालीच अडकून राहतो, आणि हे तर गळिताचे दिवस. वारा असता तर हे सगळं ढवळून निघालं असतं. त्या सकाळी वारा शांत असल्याचं बारामतीहून पुढे विमानाला सांगितलं गेलं.

हिवाळ्यातलं असलं धुकं कसं वागतं हे या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. ऊन चढायला लागलं की ते विरतं. बहुतेक दिवशी नऊ-दहा वाजेपर्यंत लांबची झाडं दिसायला लागतात.

जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या निवडणुकांचा प्रचार ऐन भरात होता. बारामती तालुक्यात अजितदादांच्या सभा ठरलेल्या होत्या. पहाटेपासून कामाला लागणारा, दिलेली वेळ पाळणारा आणि उशिरा येणाऱ्या अधिकाऱ्याला चारचौघांत सुनावणारा नेता, ही त्यांची ओळख साऱ्या महाराष्ट्राला होती. १९९१ पासून ते बारामतीचे आमदार होते. म्हणजे विमान ज्या गावात उतरणार होतं ते त्यांचं स्वतःचं गाव होतं आणि खाली वाट पाहणारे लोक घरचेच होते.

८.१०

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला विमान मुंबईहून निघालं. व्हीटी-एसएसके ही त्याची नोंदणी. चालवणारी कंपनी व्हीएसआर व्हेंचर्स. लिअरजेट ४५ हे दोन इंजिनांचं, आठ-नऊ आसनांचं व्यावसायिक जेट आहे. मुख्य वैमानिकाच्या नावावर पंधरा हजारांहून अधिक तासांचं उड्डाण होतं. हा आकडा मुद्दाम देतो, कारण अपघात झाला की 'पोरसवदा पायलट असेल' असं बोलायची आपल्याकडे सवय आहे.

याच कंपनीचं याच जातीचं एक विमान, व्हीटी-डीबीएल, १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून मुंबईला आलं होतं. पाऊस मुसळधार, दृश्यमानता ७०० मीटर. संध्याकाळी पाच वाजून दोन मिनिटांनी, २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना ते पट्टीबाहेर गेलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. आतले आठही जण वाचले. विमानतळाचं अग्निशमन दल जवळच होतं, पट्टी लांब-रुंद होती आणि उतरायला यंत्रांची सगळी मदत होती. एवढं असूनही पाऊस काय करू शकतो, हे त्या संध्याकाळी सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं होतं.

आम्ही ठाण्याच्या माजिवड्यात, मुंबईच्या वेशीवर राहणारे लोक. ठाणे जिल्ह्यातून आज एकही प्रवासी विमान उडत नाही. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली होती, पण तिची चर्चा आता फक्त जमिनीच्या वादापुरती उरली आहे. तरी खराब हवेत पडलेल्या विमानांच्या आठवणी आमच्या दोन्ही बाजूंना आहेत. १२ जुलै १९४९ रोजी सांताक्रूझला उतरू पाहणारं केएलएम कंपनीचं कॉन्स्टेलेशन विमान पावसाळी ढगांत घाटकोपरच्या डोंगरावर आदळलं आणि ४५ माणसं गेली. त्यांत इंडोनेशियाचा दौरा करून परतणारी अमेरिकी पत्रकारांची तुकडी होती. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री, कल्याण-मुरबाडवरून माळशेज चढून गेलं की लागणाऱ्या जुन्नर तालुक्यात, दावंड्याच्या डोंगरावर अलितालियाचं जेट कोसळलं. ९४ जण मेले. मुंबई प्रत्यक्षात होती त्याहून जवळ आली, अशा समजुतीने वैमानिकाने अंधारात लवकर उंची सोडली, असं चौकशीत निघालं. आणि अलीकडे, २८ जून २०१८ रोजी, पावसाळी दुपारी जुहूहून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर सी-९० हे छोटं विमान घाटकोपरच्या भर वस्तीत एका अर्धवट बांधलेल्या इमारतीपाशी पडलं. आतले चौघे आणि खाली रस्त्यावरचा एक मजूर, असे पाच बळी.

या चारही अपघातांत विमान मुक्कामाच्या जवळ आलेलं होतं. प्रवासाचा मोठा भाग पार पडला होता, फक्त उतरायचं राहिलं होतं.

८.१८

विमानाने बारामतीशी पहिला संपर्क साधला तो आठ वाजून अठरा मिनिटांनी.

संपर्क कुणाशी साधला, हे समजून घ्यायला हवं. मुंबई, पुणे, नागपूर अशा विमानतळांवर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे किंवा हवाई दलाचे प्रशिक्षित नियंत्रक बसतात. विमानाला खाली येऊ द्यायचं की वरच थांबवायचं, हे सांगायचा अधिकार त्यांच्याकडे असतो. बारामती त्या दिवशी त्या यादीत नव्हतं. तो तेव्हा 'अनियंत्रित' वर्गातला विमानतळ होता. तिथे वैमानिक घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्था आहेत, त्यांची छोटी विमानं दिवसभर उडतात, आणि आकाशात कोण कुठे आहे ही माहिती त्याच संस्थांचे प्रशिक्षक किंवा वैमानिक रेडिओवरून देतात. मंत्रालयाच्या निवेदनातही तसंच म्हटलेलं आहे. हे लोक मदत करतात, माहिती पुरवतात. उपमुख्यमंत्र्यांना घेऊन येणाऱ्या जेट विमानाला 'आज उतरू नका, पुण्याला जा' असं ठणकावून सांगायची व्यवस्था तिथे मुळातच उभी केलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट तिथे नव्हती: आयएलएस. मोठ्या विमानतळावर धावपट्टीच्या टोकाशी बसवलेली यंत्रं आकाशात रेडिओचे दोन अदृश्य पट्टे सोडतात. एक पट्टा सांगतो की तुम्ही पट्टीच्या डावीकडे आहात की उजवीकडे, दुसरा सांगतो की उतरणीच्या रेषेच्या वर आहात की खाली. ढगात काही दिसत नसतानाही वैमानिक ते काटे धरून जमिनीपासून साधारण ६० मीटर उंचीपर्यंत नीट रांगेत येऊ शकतो. तिथे दिवे दिसले तर उतरायचं, नाहीतर लगेच वर जायचं. बारामतीला ही रेषा आकाशात आखलेलीच नाही. तिथे उतरायचं ते डोळ्यांनी.

५५ किलोमीटर

पुढचा संदेश आला तेव्हा विमान बारामतीपासून ३० नॉटिकल मैलांवर, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरवर होतं. पुण्याच्या नियंत्रकांनी त्याला आपल्या ताब्यातून मोकळं केलं होतं. बारामतीहून सूचना मिळाली: नजरेने उडता येईल अशा हवामानात, वैमानिकाने स्वतःच्या निर्णयाने खाली यावं. वैमानिकांनी वारा आणि दृश्यमानता विचारली. उत्तर आलं, वारा शांत, दृश्यमानता सुमारे तीन हजार मीटर.

भारतात नजरेच्या भरवशावर उडण्यासाठी, ज्याला व्हीएफआर म्हणतात, खालच्या उंचीवर किमान पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. नियमातला आकडा पाच हजार आणि त्या सकाळी रेडिओवर सांगितला गेलेला तीन हजार. हे दोन आकडे मी कितीतरी वेळा शेजारी शेजारी लिहून पाहिले. दुसरं काही कळायच्या आधी, कुणाचं काय चुकलं हे ठरायच्या आधी, हे दोन आकडे आपल्यासमोर आहेत.

जमिनीवरच्या माणसाला तीन किलोमीटर म्हणजे भरपूर वाटतं. घोडबंदर रस्त्यावर पावसात पुढचे शंभर मीटर दिसले तरी आपण गाडी हाकतो. पण लिअरजेट उतरताना ताशी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर वेगाने येतं, म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर मीटर. तीन किलोमीटर त्याला पाऊण मिनिटात संपतात. पाच किलोमीटर असते तर सव्वा मिनिट मिळालं असतं. या पाऊण मिनिटात पट्टी शोधायची, ती खरंच पट्टी आहे याची खात्री करायची, विमान तिच्या मधल्या रेषेवर आहे का ते पाहायचं, नसेल तर वळवायचं, उतरण्याचा वेग आणि कोन सांभाळायचा, आणि काही जुळत नसेल तर सोडून वर जायचं. नेहमीच्या तीन अंशांच्या उतरणीवर पट्टीपासून तीन किलोमीटरवर विमान जमिनीच्या जेमतेम दीडशे मीटर वर असतं.

त्यातही, जमिनीवर उभं राहून आडवं पाहताना जे तीन किलोमीटर दिसतं, ते वरून तिरकं पाहताना तेवढंच दिसेल याची खात्री नसते. धुक्याच्या पातळ थरातून सरळ खाली पाहिलं तर शेतं, रस्ते, घरं स्पष्ट दिसतात. तोच थर तिरका छेदून पुढे पाहायचं म्हटलं की नजरेला त्याचा लांबलचक पट्टा पार करावा लागतो. जिथे उतरायचं ती जागा पांढुरकी होऊन जाते आणि पायाखालचं गाव मात्र लख्ख असतं. छोट्या विमानाच्या वैमानिकांना फसवणारी ही फार जुनी गोष्ट आहे.

पहिला प्रयत्न

विमान ११ क्रमांकाच्या धावपट्टीच्या अंतिम टप्प्यात आल्याचं वैमानिकांनी कळवलं. आणि पट्टी दिसत नसल्याचंही. त्यांनी उतरणं सोडलं आणि विमान पुन्हा वर घेतलं. याला वैमानिकांच्या भाषेत गो-अराऊंड म्हणतात. तो निर्णय बरोबर होता. पट्टी दिसत नाही, वर जा: प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षापासून हेच शिकवतात.

११ हा आकडा म्हणजे होकायंत्रावरचे सुमारे ११० अंश. पश्चिमेकडून येऊन, पूर्वेच्या थोडं दक्षिणेला तोंड करून या पट्टीवर उतरायचं. जानेवारीच्या अखेरीस बारामतीच्या आकाशात सकाळी पावणेनऊला सूर्य कुठे असतो, हे गणिताने काढता येतं. क्षितिजापासून सुमारे वीस अंश वर आणि दिशा साधारण ११८ अंश. म्हणजे त्या पट्टीकडे येणाऱ्या विमानाच्या जवळजवळ नाकासमोर. धुरकट हवेत सूर्य समोर असला की धुक्याचा प्रत्येक कण उजळतो आणि समोरचं सगळं दुधाळ होतं. त्याच धुक्यात सूर्याकडे पाठ करून पाहिलं तर बरंच जास्त दिसतं. अपघाताचं कारण म्हणून मी हे मांडत नाही. त्या काचेपलीकडे दोन माणसांना काय पाहावं लागत होतं, ते वाचणाऱ्याला कळावं एवढ्यासाठी सांगतो.

वरची फेरी

गो-अराऊंड आणि दुसऱ्या अंतिम टप्प्याच्या मधली ही मिनिटं घटनाक्रमात सगळ्यांत मोकळी दिसतात आणि मला तीच सगळ्यांत जड वाटतात.

या मिनिटांत विमान पुण्याकडे वळू शकतं. लोहगाव तिथून हवेतून ऐंशी-एक किलोमीटर, जेटला दहा-बारा मिनिटं. तिथे लांब पट्टी, नियंत्रक, यंत्रं, हवामान खातं, सगळं आहे. पुढे मोटारीने बारामती, दोन-अडीच तास. किंवा विमान वरच घिरट्या घालत ऊन चढायची वाट पाहू शकतं. किंवा पुन्हा प्रयत्न करू शकतं. विमानचालनाच्या नियमांत हा निर्णय वैमानिकाचा आणि फक्त वैमानिकाचा असतो. पण जगभरातल्या चौकशी अहवालांत हा निर्णय घेणाऱ्या माणसाच्या खांद्यावर कुणाकुणाचं ओझं असतं, ते लिहिलेलं आहे.

अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांत अ‍ॅस्पेन नावाचं गाव आहे. २९ मार्च २००१ च्या संध्याकाळी तिथे उतरताना भाड्याने घेतलेलं गल्फस्ट्रीम जेट धावपट्टीच्या अलीकडे टेकडीवर आदळलं. १८ जण मेले. अंधार पडत होता, हिमवर्षाव होत होता, पट्टी दिसत नव्हती. अमेरिकेच्या एनटीएसबी या चौकशी संस्थेने मुख्य कारण लिहिलं ते असं: पट्टी नीट न दिसताही वैमानिक ठरलेल्या किमान उंचीच्या खाली गेले. आणि अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत साफ शब्दांत नोंदवलं की विमान भाड्याने घेणाऱ्या ग्राहकाचा उतरण्यासाठी वैमानिकावर दबाव होता. एका सरकारी चौकशी संस्थेने प्रवाशाची घाई अपघाताच्या कारणांत लिहून ठेवली, ही फार मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडची उदाहरणं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. माधवराव शिंदे, मूळच्या कण्हेरखेडच्या शिंदे घराण्यातले ग्वाल्हेरचे वारस, नरसिंह राव सरकारात नागरी विमान वाहतूक मंत्री होते. ९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीच्या धुक्यात उतरताना इंडियन एअरलाइन्सचं भाड्याने आणलेलं तुपोलेव्ह विमान उलटलं. कुणी दगावलं नाही, तरी माधवरावांनी जबाबदारी घेऊन मंत्रिपदाचा राजीनामा दिला. खराब हवेत उतरणं काय असतं, हे त्यांच्याइतकं जवळून जाणणारा राजकारणी त्या काळात क्वचितच असेल. ३० सप्टेंबर २००१ रोजी ते कानपूरच्या सभेसाठी दिल्लीहून किंग एअर सी-९० मधून निघाले. हवा बिघडली होती. मैनपुरी जिल्ह्यात विमान कोसळलं आणि त्यांच्यासह आठ जण गेले. सोबत पत्रकारही होते. २ सप्टेंबर २००९ ला आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी चित्तूरकडच्या कार्यक्रमाला हेलिकॉप्टरने निघाले आणि नल्लमलाच्या जंगलावर ढगांत हरवले. पाच बळी. आणि परदेशात, २०१० च्या १० एप्रिलला पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांना घेऊन जाणारं विमान रशियात स्मोलेन्स्कच्या जुन्या लष्करी विमानतळावर दाट धुक्यात उतरताना झाडांना धडकलं. तिथेही आयएलएस नव्हती आणि तिथेही कार्यक्रमासाठी लोक जमून वाट पाहत होते. ९६ जण गेले.

या तिन्ही नेत्यांच्या वेळी खाली कार्यक्रम मांडलेला होता. मांडव, माइक, हारतुरे, बंदोबस्त, आणि पहाटेपासून आलेली माणसं. वैमानिकाला विमानात बसून हे सगळं दिसत नाही, पण ठाऊक असतं. पहिला प्रयत्न फसल्यावर 'परत पुण्याला नेतो' असं मागे बसलेल्या मोठ्या माणसाला सांगायचं, तर पाठीशी भक्कम नियम हवा, कंपनी हवी आणि जमिनीवरून येणारा एक अधिकारी आवाज हवा. बारामतीसारख्या ठिकाणी आपण हे सगळं वैमानिकाच्या एकट्याच्या मनगटावर सोपवलेलं आहे.

८.४३

गो-अराऊंडनंतर विमानाला त्याची जागा विचारली गेली. उत्तर आलं: ११ क्रमांकाच्या पट्टीच्या अंतिम टप्प्यात. पट्टी दिसली की सांगा, असं खालून कळवलं. उत्तर: आत्ता पट्टी दिसत नाही, दिसली की सांगतो.

काही सेकंद गेले.

मग विमानातून आवाज आला की पट्टी दिसते आहे.

निवेदनाच्या शब्दांत, सकाळी आठ वाजून त्रेचाळीस मिनिटांनी विमानाला उतरायची परवानगी दिली गेली. अशी परवानगी मिळाली की वैमानिक ती शब्दशः परत म्हणून दाखवतो. ऐकण्यात चूक राहू नये म्हणून जगभर हीच रीत आहे. ती पोच आली नाही.

'दिसत नाही' आणि 'दिसते आहे' यांच्यामध्ये फक्त काही सेकंद होते. त्या वेगाने प्रत्येक सेकंदाला साठ-सत्तर मीटर मागे पडत होते.

८.४४

मनोऱ्यातल्या माणसाला पट्टीच्या तोंडाशी ज्वाळा दिसल्या. आपत्कालीन यंत्रणा तिकडे धावल्या. विमानाचे अवशेष सापडले ते पट्टीच्या डाव्या बाजूला, तिच्या सुरुवातीच्या रेषेलगत.

त्यानंतर

राज्यात तीन दिवसांचा दुखवटा जाहीर झाला. २९ जानेवारीला बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या मैदानावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. अजित पवार ६६ वर्षांचे होते. ३१ जानेवारीला त्यांच्या पत्नी सुनेत्रा पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. पुढाऱ्याच्या मृत्यूनंतर राजकारण किती वेगाने पुढे सरकतं ते महाराष्ट्राने पाहिलं. विमानातल्या इतर चौघांच्या घरांचं दुःख मात्र बातम्यांच्या मागच्या ओळींत गेलं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. वैमानिक, हवाईसेविका आणि अंगरक्षक नेहमीसारखे आपल्या कामावर आले होते.

अपघातानंतर लगेचच, प्रशासनाच्या विनंतीवरून, भारतीय हवाई दलाने बारामतीला आपली एक तुकडी पाठवली. विमानांचं नियंत्रण आणि हवामानाची माहिती या दोन सेवा त्यांनी तिथे उभ्या केल्या. मनात आलं तर हे किती थोड्या वेळात करता येतं, याचा याहून ठळक पुरावा नको. ज्या दोन गोष्टी त्या सकाळी तिथे असायला हव्या होत्या, त्या शोकासाठी येणाऱ्यांची विमानं उतरवायला तातडीने आल्या.

महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत लहान धावपट्ट्या आहेत. काही ठिकाणी प्रशिक्षणाची विमानं उडतात, काही ठिकाणी फक्त निवडणुकीत किंवा एखाद्या उद्घाटनाला विमान उतरतं. प्रत्येक ठिकाणी कोट्यवधी रुपयांची आयएलएस बसवा, असा माझा आग्रह नाही. पण ज्या पट्टीवर प्रवाशांना घेऊन येणारं जेट उतरणार, तिथे दृश्यमानता, वारा आणि ढगांची उंची मोजणारी यंत्रं असावीत. ती वाचणारा प्रशिक्षित माणूस असावा. आणि मोजलेला आकडा नियमातल्या किमान आकड्याखाली असेल तर विमानाला पट्टी बंद असल्याचं सांगण्याचा अधिकार त्या माणसाला असावा, विमानात कोणीही बसलेलं असो. सरकारला हे करायला नवा कायदा लागत नाही, खर्चाची तरतूद आणि एक आदेश लागतो. कंपन्यांनीही आपल्या वैमानिकाला लेखी हमी द्यावी की हवामानामुळे विमान परत नेलं म्हणून त्याला कुणी जाब विचारणार नाही.

उरलेलं काम आपलं आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, मुरबाड, शहापूर, कुठेही सभा असू द्या. आपण आयोजक असू, कार्यकर्ते असू किंवा खुर्चीवर बसलेले श्रोते. पाहुण्यांचं हेलिकॉप्टर किंवा विमान हवामानामुळे परत गेलं असं माइकवरून सांगितलं गेलं, तर कुरकुर करू नका. फोन करून 'साहेब, इथे तर ऊन पडलंय, या की' असं कळवू नका. तुमच्या मांडवावरचं ऊन वैमानिकाच्या काचेसमोर नसतं. कार्यक्रमपत्रिकेत वेळेसोबत एक ओळ आधीच छापा: हवामान खराब असल्यास कार्यक्रम पुढे ढकलला जाईल. आणि पाहुणे मोटारीने तीन तास उशिरा आले, तर उठून उभे राहा आणि त्यांना परत आणणाऱ्या वैमानिकासाठी टाळ्या वाजवा.